‘यशोदा’ची ओळ

जेट्टीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होडीवाल्यांच्या संघटनेचा एक टीव्ही आहे. रोज सकाळी त्याच्यावर एक तक्ता दिसतो: होडीचा नंबर, होडीचं नाव, तांडेलाचं, म्हणजे होडी चालवणाऱ्याचं, नाव. कुणाला आज पर्यटक न्यायचे आणि कुणी थांबायचं हे ओळीच्या रंगावरून कळतं. मी कामाला लागले तेव्हा हिरवी ओळ म्हणजे जा आणि लाल म्हणजे थांब, एवढंच होतं. थांबायचं असताना माणसं भरली तर पुढची पाळी जायची.

तक्ता भरायचं काम माझं. मी आंबोलीची, सावंतवाडीला भौतिकशास्त्रात पदवी घेतली आणि उन्हाळ्याच्या हंगामापुरती इथे लागले. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकली. शेड पूर्वेकडे उघडी असल्यामुळे खाडीवरचा उजेड सरळ पडद्यावर यायचा आणि भडक लाल-हिरव्यावरची काळी अक्षरं त्यात बुडून जायची. होडीवाले कपाळावर हात धरून, मान तिरकी करून वाचायचे.

काशिनाथकाका मात्र टीव्हीकडे बघायचेच नाहीत. साठीच्या आसपासचा माणूस, स्वतःची होडी, तिला बायकोचं नाव: ‘यशोदा’. ते सगळ्यांच्या मागून यायचे, धोंडू या होडीवाल्याच्या शेजारी उभे राहायचे आणि विचारायचे, “काय रे धोंडू, आज माझा थोबाड कसा दिसता?”

धोंडू पडद्याकडे बघून म्हणायचा, “हिरवागार! जा, लगीन लाव.” किंवा, “लाल. घराक जा, म्हातारी वाट बघता.”

लोक हसायचे. मलाही ती त्यांची रोजची गंमतच वाटायची.

मे महिन्यात एकदा काकांनी पिशवीभर रतांबे, कोकमाची फळं, आणले. “घे गो चेडवा, सरबत कर. माझ्या परसातले.” पिशवी उघडली तर निम्मी फळं पिकून लालजर्द आणि निम्मी कच्ची, हिरवी, दगडासारखी.

“ह्येका रतांबे काढूक पाठवा नको,” धोंडू म्हणाला, “झाड बोडका करून येता.”

काका हसले, पण सगळ्यांच्या नंतर.

त्या दुपारी शेड रिकामी असताना मी एक प्रयोग केला. तक्त्याचा फोटो घेतला आणि त्यातला रंग पूर्ण काढून टाकला. लाल आणि हिरव्या ओळी जवळजवळ सारख्याच राखाडी झाल्या. दोन्हींमधला फरक फक्त रंगाचा होता, उजेडाचा जवळपास नव्हताच. ज्याच्या डोळ्यांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही त्याच्यासाठी त्या पडद्यावर एकाच मातकट रंगाच्या ओळी होत्या. आंबोलीच्या धुक्यात वाढलेल्या माणसाच्या हे आधीच लक्षात यायला हवं होतं. धुक्यात गाडीचा रंग आधी जातो, फिकं आणि गडद तेवढं उरतं.

संध्याकाळी काका दोर गुंडाळत होते. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, “काका, टीव्हीवरचे रंग तुम्हाला वेगळे दिसतात का?”

त्यांचे हात थांबले.

“कोण बोल्लो तुका?”

“कुणीच नाही. रतांब्यांवरून वाटलं.”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “ल्हान असताना ह्याच रतांब्यांपायी बापाशीचो मार खाल्लंय. माका वाटा सगळ्यांकाच असा दिसता, मीच ढ.” मग आवाज खाली आला. “कोणाक सांगा नको हां. विनीताचो मेवणो पाळीसाठी टपान बसलो आसा. जेट्टीर नवो नंबर मिळणा नाय. कोणाचो तरी जावचो लागता.”

विनीतदादा संघटनेचे सचिव. त्यांचा मेव्हणा विराज मुंबईची नोकरी सोडून आला होता आणि दिवसभर शेडमध्ये मोबाइल बघत बसायचा.

“पण काका, होडी चालवताना?”

“दिवसाउजेडी चालवतंय. पाण्यातला खडप खंय, वाळूची भाटी खंय, माका काय रंगान कळता? इतकी वर्सां एकाचो पाय ओलो केलंय नाय.” जरा थांबून म्हणाले, “जो उतरताना ओलो होता तो सोडून.”

मी कुणाला सांगितलं नाही. रंग मात्र बदलले. ‘जा’साठी गडद निळी ओळ, तिच्यावर पांढरी ठळक अक्षरं. ‘थांब’साठी फिकी पिवळी, तिच्यावर काळी. रंग काढून पाहिले तरी एक ओळ काळोखी आणि एक उजळ, चूक व्हायला जागा नाही. अक्षरं मोठी केली. शेवटी एक रकाना वाढवला आणि त्यात शब्दच लिहिला: जा, थांब. हे आधी कुणालाच का सुचलं नव्हतं, याचं मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिनाथकाका नेहमीसारखे मागून आले आणि धोंडूशेजारी उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. मग तीन-चार माणसांना बाजूला सारून ते पुढे गेले आणि पडद्यावर बोट टेकवलं.

“‘यशोदा’. निळी. जा.”

एवढं म्हणून ते वळले आणि ताडताड जेट्टीवरून खाली गेले. धोंडू माझ्याकडे बघून म्हणाला, “ह्येका आज काय झाला? माझी नोकरीच गेली.”

बाकीच्यांनाही नवे रंग आवडले. उन्हातही लांबून वाचता येतं म्हणाले. काका आता रोज सगळ्यांच्या आधी येऊ लागले. धोंडूला यायला उशीर झाला की त्याचीही ओळ वाचून दाखवू लागले. एकदा म्हणाले, “धोंडू, पिवळो तू. घराक जा, म्हातारी वाट बघता.” इतक्या वर्षांचा उधार टोमणा त्यांनी असा परत केला.

ही मजा विनीतदादांनीही पाहिली.

दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. कचेरीत ते नेहमी शुद्ध बोलत. “अवनी, काम चांगलं केलंस. पण लाल-हिरव्यात काय वाईट होतं?”

“उन्हात कुणालाच नीट दिसत नव्हतं. अक्षरं आणि मागचा रंग यांच्यात फरक हवा तेवढा नव्हता.”

“कुणालाच?”

“हो.”

“मग बाकीचे आधीही वाचत होते आणि आताही वाचतात. एकच माणूस असा, जो आधी वाचत नव्हता.” ते हसले. “मी विज्ञान शिकलो नाही, पण मलाही दोन डोळे आहेत.”

त्यांना उत्तर नकोच होतं.

दुसऱ्या सकाळी मी पोचले तेव्हा टीव्ही आधीच लावलेला होता. लाल आणि हिरवा. शब्दांचा रकाना लपवलेला. विनीतदादा पडद्याशेजारी उभे आणि सगळे होडीवाले गोळा झालेले.

“या काशिनाथकाकानू,” ते मोठ्याने म्हणाले, “तुम्ही आता सगळ्यांचा वाचून दाखवतास. आज तुमचाच वाचा. ‘यशोदा’ लाल काय हिरवी?”

काका पडद्यासमोर आले. पडद्याकडे त्यांनी क्षणभरच पाहिलं, कारण तिथे त्यांच्यासाठी काही नव्हतंच. मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं, माणसांच्या तोंडाकडे बघितलं. धोंडू काहीतरी सांगायला पुढे सरकला तर विराजने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. धोंडूने मान खाली घातली. काकांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

‘यशोदा’ची ओळ हिरवी होती.

मला ते दिसत होतं आणि ते त्यांना सांगायचं होतं. पण मी घाबरले होते. ओठ घट्ट मिटले होते. हिरवा रंग चेहऱ्यावर कसा दाखवतात हे मला ठाऊक नव्हतं. मी होकारार्थी मान हलवली असं मला वाटलं. हलली की नाही, सांगता येत नाही.

काकांनी माझं तोंड नीट वाचलं.

“लाल,” ते म्हणाले.

मग मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, मगे रतांबे तसे कित्याक आणता ता आता कळला!” आणि शेड हसण्याने भरून गेली. विनीतदादा हसले नाहीत. शांतपणे, कचेरीतल्या भाषेत म्हणाले, “विनोदाची गोष्ट नाही. पर्यटकांच्या जिवाचा प्रश्न आहे. काका, डोळ्यांचा दाखला आणा. तोपर्यंत तुम्हाला तांडेल म्हणून पाळी नाही. संघटनेचा नियम आहे.”

“हो नियम कधी झालो?” धोंडूने विचारलं.

“काल.”

काशिनाथकाका दाखल्याला गेले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा यशोदाकाकूंनी दारातच सांगितलं, “ते म्हणतत, थंय रंगीत ठिपके दाखवतत आणि त्यातलो आकडो विचारतत. हयसर एकदा झाला ता पुरे.” आत बस म्हणाल्या नाहीत.

तांडेलाशिवाय होडीला पाळी मिळेना, म्हणून विराज ‘यशोदा’वर तांडेल झाला. होडी काकांची, नंबरही कागदोपत्री त्यांचाच, सुकाणू विराजकडे. काका दोर सोडतात, माणसांना हात देऊन चढवतात, जॅकेटच्या पट्ट्या बांधतात. विराजला अजून भाटी कुठे आहे ते नक्की कळत नाही. ओहोटीला काका पुढच्या टोकाला उभे राहतात आणि हाताने डावं-उजवं दाखवतात. खाडीने कुणाला दाखला मागितलेला नाही.

आठवडाभराने विनीतदादा म्हणाले, “ते निळं-पिवळं परत लाव गं. खरंच बरं दिसायचं. पर्यटकसुद्धा विचारत होते.” मी लावलं. शब्दांचा रकानाही उघडला. तांडेलाच्या रकान्यात काशिनाथ पुसून विराज लिहिलं. अक्षरं तीच ठेवली, पांढरी, ठळक, गडद निळ्यावर. लांबून अगदी स्वच्छ वाचता येत होती.

त्या सकाळी काका सगळ्यांच्या आधी आले. पाठोपाठ आलेला विराज बाकावर मोबाइल बघत होता. त्याने मान वर न करताच विचारलं, “काय आसा आज?”

“निळी,” काका म्हणाले. “जा.”

मग ते माझ्या टेबलासमोर आले. मी उभी राहिले.

“रंग बरे केलंस गो,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “आता तुझ्या तोंडार पण एक रकानो काढून घे. अक्षरांत लिवन ठेव, जा काय थांब. माझ्यासारख्याक वाचूक बरा.”

आणि विराजच्या मागून, त्याचं जॅकेट हातात घेऊन, ते पायऱ्या उतरून गेले.