हिलालच्या आईचा फोटो

धुळ्यात चाळीस माणसांसमोर माझी अब्रू गेली, आणि ती घालवली माझ्याच लॅपटॉपनं.

आमचा हौशी फोटोवाल्यांचा एक ग्रुप आहे, जळगाव आणि धुळे मिळून. डॉक्टर आहेत, मास्तर आहेत, दोन-तीन बँकवाले आहेत आणि माझ्यासारखे दुकानदार. मी पारस छाजेड. जळगावात माझं दोर आणि ताडपत्रीचं दुकान आहे. आठवडाभर ताडपत्र्या मापायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून रानोमाळ हिंडायचं, असं माझं वीस वर्षं चाललंय. त्या दिवशी धुळ्याच्या बैठकीत मी फोटो कसा खुलवावा यावर बोलत होतो. पडद्यावर लांडोर, माझा हात माउसवर, आणि मध्येच लांडोरीच्या तोंडावर ही मोठी चौकट आली: तुमचं सॉफ्टवेअर अस्सल नाही, चोरीचं असू शकतं. इंग्रजीत होतं, पण तेवढं इंग्रजी सगळ्यांना येत होतं.

सगळे हसले. त्यातल्या तिसेक जणांकडे तेच चोरीचं सॉफ्टवेअर होतं, बरेचसे माझ्याकडूनच घेऊन गेलेले, तरी हसले. मीही दात काढले, पण कानशिलं तापली होती. कारण त्याच सकाळी मी आमच्या जैन पाठशाळेत मुलांना अचौर्य शिकवून धुळ्याची बस पकडली होती. न दिलेली वस्तू घेतली की ती चोरी, मग ती दात कोरायची काडी का असेना, असं मी घसा खरवडून सांगितलं होतं.

चहाच्या वेळी सबीहा मॅडम माझ्याजवळ आल्या. या मॅडम धुळ्यात बायका-मुलींसाठी कॉम्प्युटरचा क्लास चालवतात, फोटो दुरुस्त करणं, लग्नपत्रिका बनवणं असलं शिकवतात. आवाज कधी चढवत नाहीत.

"पारसभाऊ, चोरायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "जे लोक आपल्या हातानं देताहेत ते घ्या की."

मग त्यांनी मला समजावलं. जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे. कुणीही वापरावं, आत उघडून बघावं, शेजाऱ्याला द्यावं. त्यांच्या क्लासात सगळ्या जणी त्याच्यावरच शिकतात. चिन्हावर कोल्ह्यासारखं एक जनावर, तोंडात ब्रश धरलेलं. मी मनात म्हटलं, फुकटचं म्हणजे काय दर्जा असणार. पण लांडोर डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून पुढच्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन त्यांच्या क्लासात गेलो. त्यांनी सगळं जुनं पुसून नवीन बसवून दिलं. त्याआधी माझे फोटो एका डबीत, म्हणजे बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर, काढून ठेवायला लावले आणि बजावलं, "भाऊ, एक सवय लावून घ्या. मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी कॉपी, मग काम."

मी मान डोलावली. वीस वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाला क्लासवाल्या बाईनं शिकवावं, याचा जरा रागच आला होता.

पंधरा दिवसांत माझा हात बसला आणि मग मी असह्य झालो. माणूस वाईट मार्गावरून चांगल्या मार्गाला लागला की इतरांना किती छळतो, हे माझ्या ग्रुपवाल्यांना विचारा. ज्यांना मी स्वतः चोरीचं सॉफ्टवेअर वाटून दिलं होतं त्यांनाच आता प्रामाणिकपणाचे डोस पाजत होतो. दुकानात ग्राहक ताडपत्री घ्यायला आला तरी त्याला कोल्ह्याचं चिन्ह दाखवायचो.

हिलालची आई वारली ती याच दिवसांत.

हिलाल माझ्या दुकानात बावीस वर्षांपासून आहे. एरंडोलच्या पलीकडच्या खेड्यातून रोज येतो. दोराचं गाठोडं न मोजता उचलून सांगतो किती भरेल ते, आणि चुकत नाही. तीन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यानं मला घरी जेवायला नेलं होतं. तेव्हा ओट्यावर बसलेल्या त्याच्या आईचा, पुनाबाईंचा, मी फोटो काढला. म्हातारी हसत होती. हिलाल म्हणाला, शेठ, हा फोटो मला द्या. मी म्हटलं, पाठवतो रे. तीन वर्षं मी तो पाठवत होतो. फोटो काढणारा कुठलाही हौशी माणूस या बाबतीत माझा भाऊच निघेल.

सुतक चालू असतानाच हिलाल दुकानाच्या पायरीशी आला, आत आला नाही.

"शेठ, मायना फोटो शे ना तुमनाजोडे? आखाजीले काढेल?" तो म्हणाला. "आमनाकडे तिना येकबी फोटो नही. आधार कार्डवर शे, पन त्यामा ती वळखू येत नही."

"आहे तर," मी म्हटलं. "असा करून देतो बघ, की लोक बघत राहतील."

इथं मी थांबायला हवं होतं. जसा होता तसा छापून द्यायचा, विषय संपला. पण हात शिवशिवत होते.

रविवारी दुपारी फोटो उघडला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक हत्यार आहे, डागावर टेकवलं की आजूबाजूची कातडी आणून डाग बुजवतं. आधी मी गालावरचा चामखीळ घालवला. इतका बेमालूम गेला की मला गंमत वाटली. मग सुरकुत्या हलक्या केल्या. मग हनुवटीवर आणि कपाळावर हिरवट ठिपके दिसले. गोंदण होतं ते, मला काय कळत नव्हतं? खानदेशात जन्म गेला माझा. पण मोठं करून बघितलं की ते ठिपके पसरट, मळकट दिसत होते. माझ्या डोळ्यांपुढे फोटो होता तो आमच्या मोहनबाईंचा, माझ्या आईचा, दुकानात हार घालून लावलेला. गोरा, गुळगुळीत, चांगल्या घरचा. मला हिलालच्या आईला तसं करायचं होतं. चांगल्या घरचं. हा शब्द माझ्या मनात खरंच आला होता, आणि आज तो लिहितानाही मला मान खाली घालावीशी वाटते.

एकेक ठिपका पुसला. रंग थोडा उजळला. जतन करताना सॉफ्टवेअरनं विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मी चहाचा कप उचलत 'हो' दाबलं. कॉपी वगैरे काही केली नव्हती. कॅमेऱ्याचं कार्ड कधीच पुसून दुसऱ्या फोटोंनी भरलं होतं. डबीतला फोटो तोच, ज्याच्यावर मी बसून काम करत होतो.

सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी फ्रेम घेऊन हिलालच्या गावी गेलो. ओट्यावर माणसं बसलेली. हिलालनं फ्रेम हातात घेतली आणि बघत राहिला. मला वाटलं, भरून आलं. त्याची मोठी बहीण सुनंदाबाई, धुळ्याला दिलेली, आतून पदर सावरत आली. तिनं फ्रेम उन्हात धरली.

"हाई आमनी माय नही शे," ती म्हणाली.

तिनं काचेवर बोट फिरवलं, कपाळावर, मग हनुवटीवर. "गोंदेल कथं गये?"

मी काहीतरी पुटपुटलो, की फोटो साफ केला, छान दिसावा म्हणून. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती सगळ्या ओट्याला सांगत होती. "सोनंनानं बठ्ठं आठेच राही जास. बाईसंगे गोंदेल तेवढं जास. माय तेवढंच लई गई, आनि फोटोमातून तेबी काढी टाकं."

सोनंनाणं सगळं इथंच राहतं, बाईबरोबर फक्त गोंदण जातं, हे मीही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या क्षणी मला कळलं मी काय केलंय. आणि इतकी माणसं माझ्याकडे बघत असताना माझ्या तोंडून जे निघालं ते ऐका.

"मी नाही केलं, बाई. ते फुकटचं सॉफ्टवेअर आहे ना, धुळ्याच्या सबीहा मॅडमनी टाकून दिलंय. ते आपोआप डाग पुसतं. मला कळलंच नाही."

मूळ फोटो द्या, ती म्हणाली. तोही त्यानंच खाल्ला, मी म्हणालो.

हिलाल पुढे आला. त्यानं बहिणीच्या हातातून फ्रेम घेतली आणि म्हणाला, "मशीननी चूक शे, अक्का. शेठनी नही." मग त्यानं मला आग्रहानं जेवायला वाढलं. मी जेवलो. दुसरी वरणबट्टी त्यानं माझ्या ताटात टाकली, तीही खाल्ली. याहून निर्लज्ज घास मी आयुष्यात गिळला नसेल.

तिसऱ्या दिवशी सबीहा मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"पारसभाऊ, सुनंदाबाई आल्यात क्लासात. म्हणतात, तुमच्या मशीननं आईचं गोंदण पुसलं, ते परत द्या. फ्रेम घेऊन बसल्यात सकाळपासून. माझ्या मुली घाबरल्यात, एकीच्या सासूनं तर तिला हात धरून घरी नेलं. तुम्ही लॅपटॉप घेऊन या. बघू, काही निघतंय का."

माझ्यावर आरोप नव्हता त्यांच्या बोलण्यात. मी बसमध्ये बसलो आणि पारोळा येईपर्यंत नवीन थाप जुळवत होतो. लाइट गेली, व्हायरस आला, बटण अडकलं. पारोळ्यानंतर थाप जुळेना.

क्लासात दहा-बारा बायका मशीनसमोर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. सुनंदाबाई दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर फ्रेम. सबीहा मॅडमनी माझा लॅपटॉप उघडला. डबी तपासली, कचऱ्याची पेटी तपासली, पुसलेलं शोधणारं काहीतरी लावून तासभर वाट पाहिली. माझ्या लांडोरी निघाल्या, ताडपत्रीची बिलं निघाली. पुनाबाई निघाल्या नाहीत.

"मूळ गेलंय," त्या म्हणाल्या. मग खुर्ची वळवून सुनंदाबाईंकडे बघत म्हणाल्या, "बाई, माझं सॉफ्टवेअर होतं. चूक झाली असेल तर मी माफी मागते."

त्यांना ठाऊक होतं ते काय करतं आणि काय करत नाही. या क्लासातल्या सातवी पास पोरींनाही ठाऊक होतं. तरी त्या माफी मागत होत्या, आणि एकही जण माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, जमिनीत गाडून घ्यावं.

"मी पुसलं," मी म्हणालो. "सॉफ्टवेअरनं नाही, सुनंदाबाई. मी हातानं पुसलं. एकेक ठिपका. मूळ फोटोवर ठेवू का, असं त्यानं मला विचारलंही होतं. मी हो म्हटलं. त्या दिवशी ओट्यावर मी खोटं बोललो."

सुनंदाबाईंनी विचारलं, "तुमले त्या डाग दिखनात?"

"हो," मी म्हणालो.

मला वाटलं, आता त्या फ्रेम माझ्या अंगावर फेकतील. फेकली असती तर बरं वाटलं असतं. त्या उठल्या, माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि पडद्यावरच्या आईच्या गुळगुळीत हनुवटीकडे बघत राहिल्या.

"हिलाल म्हनस तीन व्हतात," त्या म्हणाल्या. "माले पाच वाटतंस. रोज दखेल तोंड, कोन मोजस? शेवटला तुम्हीन दखात. येक येक करीसन पुसात ना? मंग सांगा, शेठ, कितला व्हतात?"

मी डोळे मिटले. दुपार आठवली, चहाचा कप आठवला, हत्याराचा बारीक गोल आठवला. ठिपके किती होते, ते आठवेना. अर्धा तास मी त्या म्हातारीच्या तोंडाकडे टक लावून बघत होतो आणि मी ते पाहिलंच नव्हतं.

सबीहा मॅडमनी हिरवा रंग निवडून दिला, बारीक ब्रश दिला, आणि सुनंदाबाईंचा हात धरून माउसवर ठेवला. या वेळी आधी कॉपी केली. खूप वेळ घेऊन त्यांनी हनुवटीच्या मधोमध एक ठिपका टेकवला आणि माझ्याकडे वळल्या. त्या नजरेत राग नव्हता. माझ्याशिवाय विचारायला त्यांना कुणी उरलं नव्हतं.

"आठेच व्हता ना, शेठ?"

मला माहीत नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "तिथंच होता."

त्यांनी दुसरा ठिपका टेकवला, पुन्हा विचारलं. असं पाच वेळा झालं, आणि पाचही वेळा मी हो म्हणालो.