वॉलमनची फेरी

म्हाताऱ्यानं वाकून घोट्यावरचा पट्टा सोडला, पावलं मोजायचं यंत्र पँटला पुसलं आणि ताईंच्या टेबलावर ठेवलं.

"हे तुमचं. नीट बघून घ्या."

"बघायचं काय त्यात, काका? दीड वर्षं तुमच्याच पायात होतं."

"तरीपण. खोट्या माणसाकडून घेताना बघून घ्यावं."

ताईंनी यंत्र बाजूला सरकवलं. दहा दिवसांपूर्वी म्हाताऱ्याला गेलेलं पत्र त्यांनीच पाकिटात घातलं होतं. पावलांच्या नोंदींबद्दल शंका असल्यानं आपलं नाव अभ्यासातून वगळण्याचा विचार आहे, असं त्यात मॅडमनी, म्हणजे अभ्यासाच्या मुख्य डॉक्टरांनी, दोन ओळींत कळवलं होतं. आज दुपारपर्यंत नावाचा निकाल लागायचा होता. तरीही हा माणूस सकाळी साडेनऊला हजर होता, कारण शेवटच्या सोनोग्राफीची तारीख आजची दिलेली होती.

"झोपा. मान डावीकडे करा," ताई म्हणाल्या.

सोनोग्राफीच्या या अंधाऱ्या खोलीत ताईंची अकरा वर्षं गेली होती. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, माना राहत. बाजारात कोणी नमस्कार केला की त्या गोंधळून बघत राहायच्या, आणि समोरच्यानं मान वळवली की ओळख पटायची. अभ्यास साधाच होता. थायरॉइड कमी असलेल्यांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या लवकर जाड होतात का, आणि रोज चालणाऱ्यांच्या बाबतीत हे लांबतं का, एवढंच बघायचं होतं. दोनशे बारा माणसं, प्रत्येकाच्या पायात यंत्र, दर तीन महिन्यांनी रक्त, दर सहा महिन्यांनी मान. त्या दोनशे बारांत ही एकाहत्तर वर्षांची मान ताईंची सर्वांत लाडकी होती, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ताईंचं स्वतःचं चालणं म्हणाल तर लिफ्टपासून या स्टुलापर्यंत.

पडद्यावर रक्तवाहिनी आली. कडा स्वच्छ, भिंत पातळ, कुठे खडा नाही की फुगवटा नाही. नऊ वर्षं थायरॉइडची गोळी खाणाऱ्या माणसाची ही नस पन्नाशीच्या माणसानंही मागून घ्यावी अशी होती.

"गंज आहे का आत?" म्हाताऱ्यानं छताकडे बघत विचारलं.

"नाही. चकाचक आहे."

"मग झालं तर. पाइप चांगला असला म्हणजे बाकीचं भागतं."

एकतीस वर्षं तो नगरपालिकेच्या पाणीखात्यात वॉलमन होता. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली जायचं, ठरल्या वेळी नळाच्या पाण्याचा वॉल उघडायचा, ठरल्या वेळी बंद करायचा. त्याच्या हद्दीत सव्वीस वॉल. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण फेरी काही सुटली नाही. आता तो वॉल फिरवत नसे. प्रत्येक झाकणापाशी थांबायचं, चावीचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. कुठे पाणी झिरपत असेल तर त्याला बरोबर ऐकू येई. मग तो ऑफिसात चिठ्ठी नेऊन द्यायचा. तिथली माणसं त्याची थट्टा करत, पण चिठ्ठी कोणी फेकून देत नसे. गेल्या उन्हाळ्यात रस्ता खचायच्या आधी फुटका पाइप सापडला होता तो याच्याच कानानं.

"काका, एक विचारू? पावलं रोज इतकी सारखी कशी? नऊ हजार चारशे, नऊ हजार तीनशे नव्वद, पुन्हा नऊ हजार चारशे पाच. मॅडमना तेच खटकलंय."

म्हातारा मानेवरची जेली पुसत उठून बसला. राग त्याच्या आवाजात नव्हता, बसण्यात होता.

"सव्वीस वॉल आहेत, ताई. ते काही जागा बदलत नाहीत. रस्ता रोज तेवढाच, तर पावलं का बदलावीत?"

"फेरी करून आल्यावर?"

"आल्यावर काय? यंत्र काढून कोनाड्यात ठेवतो. घरातल्या घरात हिंडणं म्हणजे चालणं नव्हे."

ताईंनी त्याला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. "निकाल कळेपर्यंत जाऊ नका," असंही बजावलं.

मॅडमचा तरी काय दोष होता? वयानं त्या ताईंहून दहा वर्षांनी लहान, कामाला वाघ, आणि एकदा चांगल्याच पोळलेल्या. आधीच्या अभ्यासात एका महाशयांनी यंत्र कुत्र्याच्या गळ्यात बांधलं होतं. कुत्रा ठणठणीत राहिला, महाशयांना झटका आला, आणि सगळा तक्ता पुन्हा मांडावा लागला. तेव्हापासून मॅडम नोंदी डोळ्यांत तेल घालून बघत. पण बघत ती रोजची बेरीज. ताईंनी आज पहिल्यांदा बेरजेच्या शेजारचा रकाना उघडला, ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. पहिलं पाऊल किती वाजता, शेवटचं किती वाजता.

पंधरा मिनिटं त्या पडद्याला नाक लावून बसल्या. मग कागद छापून घेऊन त्या तडक मॅडमच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, पावलं सारखी आहेत, पण वेळ सारखा नाही. हे बघा. पहिले पाच महिने पावणेदोन तासांत फेरी. मग अडीच तास. मग तीन तास वीस मिनिटं. पावलं मात्र तेवढीच."

मॅडमनी कागद ओढून घेतला. "हे कधीचं?"

"गेल्या वर्षीचं. रक्ताचा रिपोर्ट शेजारी ठेवा."

त्या तिमाहीत म्हाताऱ्याचं थायरॉइड पार तळाला गेलं होतं. हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी तो थायरॉइडच्या गोळीबरोबर एकाच घोटात घेत होता, त्यामुळे थायरॉइडची गोळी अंगाला लागतच नव्हती. चूक सापडली, दोन गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर ठेवलं, आणि दोन महिन्यांत फेरी पुन्हा पावणेदोन तासांवर आली.

"वेळ वाढायला लागला तो रिपोर्टच्या दीड महिना आधी," ताई म्हणाल्या. "तेव्हा आपल्यालाही माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. कुत्र्याला थायरॉइडचं नाटक करता येत नाही, मॅडम."

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. थायरॉइड तळाला गेलं की काय होतं हे त्यांनी शेकडो रोग्यांच्या तोंडून ऐकलं होतं. बादली उचलणं जिवावर येतं, जिन्याच्या चार पायऱ्या डोंगर वाटतात, भर उन्हाळ्यात थंडी वाजते, बसल्या जागी डोळा लागतो. आणि या माणसानं त्या अवस्थेत, एकही दिवस न चुकवता, एकही वॉल न गाळता, सव्वीसच्या सव्वीस झाकणांना कान लावला होता. पावणेदोन तासांचं काम सव्वातीन तासांत केलं होतं, आणि कोणाला बोललाही नव्हता.

"नाव राहू दे," मॅडम म्हणाल्या. "आणि चुकलं माझं. मी स्वतः सांगते त्यांना."

ताईंना इतकं बरं वाटलं की कागद गोळा करताना त्यांचा हात शेवटच्या पानावर उगाच रेंगाळला. ते पान त्यांनी घाईत वाचलंच नव्हतं. या महिन्याचं होतं. एक तास पन्नास. दोन तास दहा. दोन तास पस्तीस. कालची फेरी तीन तासांची. पावलं नऊ हजार चारशे.

त्यांनी पान मॅडमपुढे सरकवलं. दोघी लगेच उठल्या.

बाहेर उकाड्यानं माणसं पंख्याखाली जागा शोधत होती. म्हातारा मात्र पंख्यापासून दूर, भिंतीला टेकून, स्वेटरच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून बसला होता. सकाळचे अकरा वाजत होते आणि तो गाढ झोपला होता. ताईंनी खांद्याला हात लावला तसा दचकून ताठ बसला.

"काका, तुम्ही खरे आहात," मॅडम म्हणाल्या. "पत्र माझ्याकडून चुकीचं गेलं. मला माफ करा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. आनंद झाला असावा, पण तो चेहऱ्यावर यायलाही वेळ लागला.

ताई त्याच्या शेजारी बसल्या. "तीन आठवड्यांपासून फेरी जड जातेय ना?"

म्हाताऱ्यानं स्वेटर सारखा केला. मग खाली बघत म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या यंत्रानं. आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. तेवढ्यात पत्र आलं." त्यानं मॅडमकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. "आता आजारी आहे म्हणावं, तर म्हणाल सबब सांगतोय. एक दिवस कमी चालावं, तर म्हणाल बघा, पकडला गेला म्हणून थांबला. मग म्हटलं, निकाल लागेपर्यंत ओढायचं."

मॅडमनी हातातला कागद बाकावर ठेवला. त्यांनी नर्सला हाक मारली नाही. स्वतःच आत जाऊन सुई, कापूस आणि नळी घेऊन आल्या आणि बाकासमोर गुडघ्यावर बसल्या. म्हाताऱ्यानं स्वेटरची बाही वर केली. आत अजून एक स्वेटर होता. तीही बाही वर केली.

नळी भरली. मॅडमनी कापूस दाबून धरला तो रक्त थांबल्यावरही तसाच धरून ठेवला.

"रिपोर्ट संध्याकाळी येईल. मी फोन करते," त्या म्हणाल्या. "गोळीचं काय ते तेव्हा बघू. तोवर आराम करा."

"आजची फेरी राहिलीय. तुमच्याकडे यायचं म्हणून सकाळी निघालो नाही."

ताईंनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी म्हाताऱ्याच्या पायांकडे बघितलं, मग बाहेरच्या उन्हाकडे. दीड वर्षाच्या तक्त्यात एकही रिकामी तारीख नव्हती, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं.

"आज नको, काका," मॅडम शेवटी म्हणाल्या. "आजची मी आणि ताई जाऊ. झाकणं कुठेकुठे आहेत तेवढं लिहून द्या."

म्हाताऱ्यानं दोघींना आपादमस्तक न्याहाळलं. ताईंच्या चपलांपाशी त्याची नजर जरा जास्तच थांबली.

"तुम्हाला चार तास लागतील," तो म्हणाला, आणि लिहायला कागद मागितला.