फोर्कवरची रबरी कडी

माझ्या कामाला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं सायकलचं दुकान आहे. वडील गेल्यावर बावीस वर्षं मी एकटी चालवते. ‘बाईला काय कळतंय’ म्हणणारे आता माझ्याकडंच पंक्चर काढायला येतात. आणि त्या बसवेशनं भर दुपारी, चार गिऱ्हाइकांदेखत म्हणावं, “दाक्षायणीअक्का, तू फोर्क चुकीचा बसिवलास.”

बसवेश टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. मला धाकट्या भावासारखा, त्याची बायको सावित्रम्मा भावजयीसारखी. पुण्याच्या भाच्यानं त्याला डोंगरात चालवायची गिअरची सायकल दिली, तेव्हापासून तिच्याशिवाय त्याला काही सुचत नाही. पण चार महिने त्याची एकच रड चालली होती. सायकल जड झालीय, कारखान्यात पोचेपर्यंत दम लागतो, पुलाच्या चढाला उतरून ढकलावी लागते. मी चेन बदलली. टायर बदलले. चाकांत नवीन ग्रीस भरलं. दोन दिवस त्याला बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी स्वारी तोंड पाडून पुन्हा दारात.

“आता हात दुखत्यात,” म्हणाला. म्हणून फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि दणके झेलणारा दांडा, बदलायचं ठरलं. जुन्या फोर्कमधली स्प्रिंग गंजून घट्ट बसली होती, नुसती शोभेला. भाच्यानंच हवेचा फोर्क पाठवला. त्यात चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणं हवा भरावी लागते. वजनापेक्षा जास्त भरली तर फोर्क दबतच नाही, खड्ड्याचा सगळा दणका मनगटात येतो; कमी भरली तर फोर्क पार खाली बसतो.

“वजन किती तुजं?” मी विचारलं.

“बहात्तर की. बिरप्पाच्या काट्यावर तूच बगितलंस.”

ते खरं होतं. शेजारी बिरप्पाचं भंगाराचं दुकान आहे. मागच्या दिवाळीत त्याच्या काट्यावर आम्ही सगळे मस्करीत चढलो होतो. बसवेश बहात्तर आणि मीही बहात्तर. मग काय, महिनाभर मला सगळे बसवेशची जुळी बहीण म्हणत होते. मी बहात्तरची हवा भरली आणि सायकल दिली. त्या दिवशी गर्दी होती. त्याला वर बसवून बघायचं राहिलं, हे कबूल करते.

आठ दिवसांनी तो ही तक्रार घेऊन आला.

“लई कडक हाय अक्का. जुना बरा हुता.”

“मेल्या, जुना बरा? चढ वर! आत्ता दावते तुला.”

फोर्कच्या नळीवर एक रबरी कडी असते. माणूस बसला की फोर्क दबतो, कडी वर सरकते आणि तिथंच थांबते. पाव नळी सरकली की हवा बरोबर. बसवेश बसला, उतरला. कडी बोटभरसुद्धा हलली नव्हती.

मी हवा तपासली. बरोबर. फोर्क खोलून पुन्हा बसवला. कडी तिथंच. माझं पित्त खवळलं. ओढणी कमरेला बांधली आणि मीच चढले सायकलवर. माझ्या बहात्तर किलोंची मला काय लाज! उतरून बघते तर कडी पाव नळीवर, अगदी मापात.

गिऱ्हाइकं हसली. मी पण हसले, आणि हसता हसता बसवेशकडं बघितलं. मार्च महिना, सोलापूरचं ऊन, आणि या माणसानं एकावर एक दोन शर्ट घातलेले. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोकं पाडलेली.

“काट्यावर चल.”

“कशाला? काम हाय मला.”

“चल म्हणते ना!”

सत्तावन्न.

“काटा बिगडलाय बिरप्पाचा,” तो म्हणाला. मी त्याला उतरवून स्वतः चढले. बहात्तर. तो काट्याकडं बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, “तीन म्हैने खोकला हाय. संध्याकाळी अंग तापतंय. सावित्रम्माला बोललो न्हाय. आमचे अप्पा असंच खोकून गेले, अक्का. तपासलं आन् तेच निगालं तर?”

मला इतका राग आला, त्याचा आणि त्याच्यापेक्षा माझा. माणूस डोळ्यांसमोर झिजत होता आणि मी त्याच्या चेनला तेल घालत बसले होते. दर वेळी तो येऊन दम लागतो म्हणत होता, आणि मी ते सायकलचं समजत होते.

“सायकल हितंच राहणार,” मी म्हटलं. “डॉक्टरचा कागद दावल्याशिवाय चाकाला हात लावायचा न्हाय.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी भर दुपारी शटर ओढलं आणि त्याला स्कूटरवर मागं बसवून सिव्हिलला नेलं. टीबीच निघाला. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही. सावित्रम्माला मीच सांगितलं. ती आधी रडली, मग त्याच्यावर अशी कडाडली की मला गप्प बसावं लागलं. ‘मेल्या’ म्हणायची माझी जन्माची सवय, पण त्या दिवसापासून बसवेशला तसं म्हणायला जीभ उचलेना.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी दिली. मी फोर्कमधली हवा सत्तावन्नला उतरवली आणि सायकल त्याच्या हातात दिली. जाताना कडी मापात होती, पण मला काही आनंद झाला नाही.

मग परवा, सप्टेंबरात, गोळ्या संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बसवेश आला. एकच शर्ट. सायकल दारात आदळली आणि चारचौघांत ओरडला, “अक्का, कसलं काम केलंस! फोर्क पार बसतोय की! खड्डा आला की खाडकन लागतंय!”

मी वाकून बघितलं. रबरी कडी नळीच्या पार वरच्या टोकाला जाऊन चिकटली होती.

“अरे मेल्या,” मी म्हटलं, “चल काट्यावर.”

तो चढला. गिऱ्हाइकं बघत होती, बिरप्पा भंगार सोडून उठून आला. मी डोळे पुसले, पुन्हा पुसले, तरी काटा मला दिसेना.

“तूच वाच,” मी म्हटलं, “आन् मोठ्यांदा वाच.”