पाटाची

चांगुणाने बरणीच्या चिठ्ठीवर ‘पाटाची’ असं लिहिलं आणि सरोजिनीबाईंना हसू आवरेना. नगरजवळच्या शेतकी केंद्रात बाई हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या पतंगांचा अभ्यास करत, आणि चांगुणा रोजंदारीवर त्यांची अंडी मोजायची. दोन नरांशी जुगलेल्या मादीसाठी बाईंनी सांगितलेला शब्द हातभर लांब होता. चौथी शिकलेल्या चांगुणाने सरळ आपला शब्द टाकला. पहिला नवरा गेल्यावर गहिनीनाथाशी तिचाही पाटच लागला होता, त्यात लाजायचं काय?

लाज नव्हती, पण जीव तुटायचा. पाट लागला तेव्हा तीन वर्षांची बनू काष्टी गावात पहिल्या सासूपाशी, साळूबाईपाशी, ठेवावी लागली. पोर बापाच्या घरची, असा रिवाज. रिवाज करणाऱ्यांचं काय जातंय! मागे वळून बघायचं नाही, असंही बजावलेलं. चार वर्षं तिने बघितलं नव्हतं, पण शेजारणीच्या पोरीची वेणी घालायला बसली की तिचे हात थांबायचे.

त्या आठवड्यात मादीला आधी चांगला नर दिला होता आणि मग किरण देऊन वांझ केलेला. वांझ नराच्या बीजाची अंडी फुटत नाहीत. चांगुणाने शंभर अंडी मोजली होती, त्यांतल्या अकरांतून अळ्या निघाल्या.

“बाई, ह्या कुनाच्या?”

“पहिल्याच्या. मादी त्याचं बीज पोटातल्या पिशवीत जपून ठेवते. दुसऱ्याचं जास्त चालतं, पण पहिल्याचं सगळं जात नाही.”

“दुसरा आला तरी?”

“तरी.”

चांगुणाने आकडा लिहिला आणि शनिवारची सुट्टी मागितली.

शनिवारी काष्टीचा बाजार. तिथे वांगी विकायला बसणारी साळूबाई कुठेतरी उठून गेली होती. वांग्यांच्या ढिगामागे सात वर्षांची पोर तागडी धरून बसली होती, हनुवटी हुबेहूब बापाची. चांगुणा ढिगासमोर उकिडवी बसली. पोरीने ओळखलं नाही, आणि ओळखणार तरी कशी? परक्या पोराला कुणीही विचारतं तेच तिने विचारलं.

“कुनाची गं तू?”

ह्यावर गावातलं पोर बापाचं नाव सांगतं.

“चांगुनाची,” वांगी तागडीत टाकत पोर म्हणाली. “आज्जी म्हनती, ती नांदाया गेलीया, यील. तुला किती दिऊ, मावशी?”