तिसऱ्या मजल्यावरचा ओरखडा

ओळंब्याच्या खाटेशी बसून वकीलबाईंनी ठेकेदाराचं लेखी उत्तर वाचायला घेतलं तेव्हा ओळंब्याला आधी हसू आलं. हे सगळं आपल्याबद्दल आहे, हे मग त्याच्या लक्षात आलं.

"सदर इसम त्या दिवशी आमच्याकडे कामावर नव्हता. काम मागायला फाटकाशी आला असता पाय घसरून पडला. त्या दिवशी बाहेरून गिलाव्याचं कोणतंही काम चालू नव्हतं व परांचीही बांधलेली नव्हती." वकीलबाईंनी कागद खाली ठेवला. "सपाट जमिनीवर पडून मांडीचं हाड दोन जागी मोडून घेणारे तुम्ही माझ्या वकिलीतले पहिलेच."

ओळंबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बावीस वर्षं तो गिलावा करत होता आणि भिंत सूतभर कलली तरी त्याला जेवण जात नसे, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणत. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. उरलेलं अर्धं सिमेंट कालवायच्या एका जुन्या मिक्सरने ठेवून घेतलं होतं. दोन महिन्यांपूर्वी बांबूंच्या परांचीची फळी मोडून तो तिसऱ्या मजल्यावरून खाली आला, तेव्हापासून डावा पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये. भेटायला येणारा प्रत्येक जण "प्लास्टरवाल्यालाच प्लास्टर!" म्हणून स्वतःच हसत होता. सतरा जणांपर्यंत त्याने मोजलं, पुढे सोडून दिलं.

"दावा आपण टाकलाय," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी कामावर होतात आणि कामामुळेच पडलात, एवढं सिद्ध झालं की ठेकेदार सुटत नाही, ज्याची इमारत आहे तो मालकही सुटत नाही. फळी कुजकी होती त्याची तक्रार वेगळी. कमरेला सुरक्षेचा पट्टा लावला नव्हता म्हणतील, म्हणू देत, तेवढ्याने दावा बुडत नाही. पण हजेरीपटावर तुमचं नाव नाही. साक्षीला कोण आहे?"

"मी आहे की," मेहुणा म्हणाला. त्या दिवशी तोही गिलाव्यावरच होता, दोन फळ्या पलीकडे.

"तुम्ही बायकोचे भाऊ. तुमची साक्ष ते चहात बुडवून खातील."

ओळंब्याची बायको एकदम खुर्चीतून उठली. लग्नाआधी ती बांधकामावर ताज्या भिंतींना पाणी मारायची.

"अहो, तारीख! तारीख घातली होती ना तुम्ही?"

ओळंब्याचे डोळे मोठे झाले. घातली होती! गिलाव्याचा वरचा पट्टा पुरा झाला की ओल्या गिलाव्यात कोपऱ्यात खिळ्याने तारीख कोरायची, म्हणजे पाणी मारणाऱ्याला दिवस मोजता येतात. बावीस वर्षांत त्याने ती एकदाही चुकवली नव्हती. तारीख कोरली, खिळा खिशात टाकला आणि फळी गेली.

"आणि पडताना मी भिंत धरायला गेलो," तो भराभर बोलू लागला. "हाताची बोटं ओल्या गिलाव्यातून सरळ खाली फरफटत..."

वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं. पण ओळंबा तोंड उघडं ठेवूनच थांबला होता. चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"काय झालं?"

"मीच ते बुजवायला सांगितलं. दवाखान्यातून. ह्याला." त्याने मेहुण्याकडे बोट केलं, अर्धं. "वाटलं, मेलो तर असलं काम माझ्या नावावर राहील."

"शुद्धीवर आलात ते एवढ्यासाठी?" बायकोने कपाळावर हात मारला आणि भावाकडे वळली. "बुजवलंस?"

मेहुणा पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. "दुसऱ्याच दिवशी गेलो होतो, दाजी. थापी घेऊन. पण परांचीच नव्हती. तुम्हाला उचलून नेलं तशी त्यांनी ती लगेच सोडून टाकली. वर काय उडत जाऊ?"

"मग 'झालं, छान गुळगुळीत झालं' म्हणालास ते?"

"तुम्ही सलाईनवर होता."

ओळंब्याला आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्याचा मुका घ्यावासा वाटला. पुरावा लपवायला म्हणून ठेकेदाराने परांची काढली आणि पुरावा तीन मजले उंच, कुणाचाही हात पोचणार नाही असा जपून ठेवला!

"पण आता नवी बांधलीय," मेहुणा म्हणाला. "रंगवाले आलेत. पुट्टी लावतायत."

पुढची पाच मिनिटं कोण काय बोललं ते कुणालाच नीट आठवत नाही. वकीलबाई फोनवर कामगार कार्यालयाच्या निरीक्षकाला सांगत होत्या, "पुढच्या आठवड्यात नाही, आत्ता! जेवताय? डबा घेऊन या!" मेहुण्याने टेम्पो लावला. ओळंब्याला मागे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर आडवं घातलं. बायकोने त्याचा पाय असा धरला होता, जणू काचेचं कपाटच चाललंय.

"हळू रे!" ती ओरडली.

"जोरात रे!" तो ओरडला.

टेम्पो फाटकातून आत घुसला तेव्हा पुट्टीवाला तिसऱ्या मजल्यावर भिंतीच्या निम्म्यात आला होता. ओरखड्यापासून चार हातांवर. वकीलबाई "थांबा, थांबा" करत धावल्या, पण काळा कोट पाहून, कुणी साहेब काम बघायला आले असं वाटून पुट्टीवाला उलट आणखी घाई करू लागला.

ओळंबा पोत्यांवर कोपरांवर उठला आणि बावीस वर्षांचा आवाज लावला.

"अरे ए! पुढे ओल आहे! पापड होऊन सोलून येईल सगळं!"

पुट्टीवाल्याचा हात हवेतच थांबला. ओल म्हटल्यावर कुठलाही रंगवाला पुढे जात नाही. भिंतीबद्दल ओळंबा आयुष्यात एकदाच खोटं बोलला, ते हेच.

तेवढ्यात निरीक्षक आले, खरोखरच हातात डबा घेऊन. डबा मेहुण्याकडे दिला आणि वर चढले. नव्या परांचीला कठडे होते, जाळी होती, फळ्या अशा की हत्ती नाचावा. वरून त्यांचा आवाज आला, "तारीख आहे! तीच!" मग ते मोबाइलवर फोटो घेऊन खाली आले आणि थेट टेम्पोशी गेले.

"उजवा हात दाखवा."

ओळंब्याने दाखवला. फोटोत ओल्या गिलाव्यातून वरून खाली हातभर लांब तीन खोल रेघा गेल्या होत्या, आणि पहिलीच्या शेजारी, जिथे मधल्या बोटाची असायला हवी, तिथे भिंत कोरी होती.

"ते माझं नेहमीचं काम नाही हां, साहेब," ओळंबा ओशाळून म्हणाला.

"हे कुणीही केलं असेल," गडबड ऐकून आलेला ठेकेदार मागून म्हणाला.

"तिसऱ्या मजल्यावर, त्या दिवशी परांची बांधलेलीच नसताना?" निरीक्षकांनी विचारलं आणि खिशातून पंचनाम्याचा कागद काढला.

ठेकेदाराने घाम पुसला. मग चेहऱ्यावर हसू आणून तो ओळंब्याच्या बायकोकडे वळला. "वहिनी, घरातलीच माणसं आपण. जरा बसून बोलू या ना."

"त्यांचा पाय दुमडत नाही," बायको म्हणाली. "उभ्यानेच बोला. कोर्टात."