डावीकडचं, उजवीकडचं

मोतीरामने सवयीने गाडीचं मागचं दार उघडून धरलं आणि आवडाबाई तिथेच थबकली. नवऱ्याने आपल्यासाठी दार धरावं, हे तिला अवघड वाटलं. ते लक्षात आल्यावर तोही कानकोंडा झाला. त्यांची लेक तनुजा पलीकडून आधीच चढून बसली होती. चपला बाहेर काढू का, असं आवडाबाईने विचारलं. नको म्हटल्यावर ती पदर सावरून सीटच्या अगदी कडेला टेकली. या गाडीची पांढरी कव्हरं ती मुकुंदवाडीच्या घरी कित्येक वर्षं दर आठवड्याला धूत आली होती. त्यांच्यावर बसायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती.

गाडी अप्पारावची. त्याचा टुरिस्ट गाड्यांचा धंदा, आणि मोतीराम त्याच्याकडे लागला तेव्हा तिशीचाही नव्हता. आता तो साठीला टेकला होता. स्टेशनवरून माणसं उचलायची, वेरूळ दाखवायचं, अजिंठा दाखवायचा, संध्याकाळी परत सोडायचं. दाखवायचं म्हणजे दारापर्यंत न्यायचं. पाहुणे आत गेले की तो गाडी सावलीला लावायचा, काचा पुसायचा आणि झाडाखाली बाकीच्या ड्रायव्हरांबरोबर बसायचा. पावसाळ्यात लोक खास अजिंठ्याचा धबधबा पाहायला यायचे. सात कुंडांतून उड्या घेत दरीत उतरणारं ते पाणी मोतीरामला फक्त त्यांच्या बोलण्यातून ठाऊक होतं. मध्यंतरी एका नागपूरच्या बाईंनी त्याला म्हटलं होतं, काका, तुम्हाला तर रोजच बघायला मिळत असेल. तो व्हय म्हणाला होता.

त्याचं मन त्या धबधब्याकडे ओढ घेत होतं, त्याला कारण होतं. उन्हाळ्यात त्याने सरकारी घाटी दवाखान्यात डोळे दाखवले होते. काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखायची. आधी कडेचं दिसेनासं होतं, मग मधलं. गाडी आता बंद करा. मोतीरामने मान डोलावली, थेंबांची बाटली खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. घरी सांगितलं, धुळीने डोळे चुरचुरतात म्हणून औषध दिलंय. रात्रीच्या फेऱ्या पाठदुखीच्या निमित्ताने सोडल्या. दिवसा मान सारखी इकडून तिकडे फिरवत तो निभावून न्यायचा. पोटापाण्याची चिंता होतीच, पण तनुजा चितेगावच्या कंपनीत कमवत होती, घर काही उघड्यावर पडलं नसतं. त्याला कळत नव्हतं ते एवढंच, की स्टिअरिंग सुटलं की मोतीराम म्हणून उरणार काय. म्हणून आज-उद्या करत तो ते पुढे ढकलत आला होता. आणि मधली नजर शाबूत आहे तोवर तो धबधबा एकदा बघून घ्यावा, म्हणून त्याने या रविवारी अप्पारावकडून गाडी मागून घेतली होती.

फुलंब्री मागे पडली तशी आवडाबाई सैलावली. दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढून बसली आणि बोलायला लागली. डाव्या हाताला शेळ्या चालल्यात. उजवीकडून ट्रॅक्टर येतोय, ट्रॉलीत मका भरलाय. ती डाव्या कडेची हिरव्या लुगड्याची म्हातारी रस्ता ओलांडायच्या बेतात दिसते. तिच्या तोंडाला खळ नव्हता. एरवी शाळेत पोरांची खिचडी शिजवून आली की घरात चार शब्दांवर पाचवा न बोलणारी बाई. तनुजा हसायला लागली, आई लहान पोरीसारखी करते म्हणाली. मोतीरामलाही गंमत वाटली. एवढी हौस होती हिला, तर आपण कधीच कसं आणलं नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

सिल्लोडच्या पुढे तनुजाने डबा उघडला. धपाटं हातात घ्यायला आवडाबाई मागे वळली आणि तेवढ्यात डावीकडच्या कच्च्या वाटेने दूधवाल्याची मोटारसायकल वर चढली. मोतीरामला ती दिसली तेव्हा ती बोनेटच्या पुढ्यातच होती. त्याने ब्रेक दाबला. दूधवाला पाय घासत कसाबसा सावरला, पण एक कॅन सुटून रस्त्यावर गडगडत गेला. झाकण घट्ट होतं म्हणून दूध वाचलं. तो तरातरा खिडकीशी आला. शिवी त्याच्या तोंडात आलेली दिसत होती, पण आतले पांढरे केस बघून ती त्याने गिळली.

"मामा," तो म्हणाला, "दिसत नाय का तुमाला?"

दूधवाला कॅन उचलून, बांधून निघून गेला तरी मोतीरामने गाडी सुरू केली नव्हती. मग केली. आवडाबाईने हातातलं धपाटं तसंच डब्यात ठेवलं आणि ती पुन्हा पुढे सरकून बसली. त्यानंतर ती एकदाही मागे वळली नाही.

वर लेणापूरच्या बाजूला, जिथून दरी दिसते तिथे, रविवारची बरीच गर्दी होती. भुट्टे भाजत होते, त्याचा धूर आणि ढग एकमेकांत मिसळत होते. तनुजा फोटो काढायला पुढे गेली. ही दोघं कठड्याला धरून उभी राहिली. समोर नुसता पांढरा पडदा होता, आणि त्याच्यामागून आवाज येत होता. एसटी स्टँडवर दहा गाड्या एकदम सुरू कराव्यात तसा. लोक कंटाळून परत फिरत होते. मोतीराम हलला नाही.

मग ढग सरकला. काळ्या कड्याच्या घळीतून पाणी पहिल्या कुंडात पडत होतं, तिथे जरा थांबून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. शेवटी ते दरीत असं झोकून द्यायचं की खाली पोचेपर्यंत त्याचा धूर व्हायचा. मोतीरामला ते कागदाच्या सुरळीतून पाहावं तसं दिसत होतं. पाणी होतं, अगदी स्वच्छ, मधोमध. त्याच्या भोवती काळोख नव्हता; भोवती काहीच नव्हतं. तरी त्याला ते इतकं देखणं वाटलं की तो पापणीही न हलवता बघत राहिला.

शेजारून आवडाबाई बोलायला लागली, सकाळच्याच सुरात. डाव्या अंगाला कडा वळत गेलाय, सगळा हिरवा, त्याच्यात पिवळी फुलं. उजवीकडे खाली लेणी दिसतात, खोक्यासारखी भोकं एका ओळीत, आणि माणसं मुंगीएवढी. कठड्याच्या त्या टोकाला वानर बसलंय, पिल्लू पोटाशी.

मोतीराम ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आलं, की फुलंब्रीपासून ती बोलत आली ते सगळं डावीकडचं आणि उजवीकडचं होतं. समोरचं तिने एकदाही काही सांगितलं नव्हतं. आणि ती मागे वळली तेवढ्या एका क्षणात दूधवाला आडवा आला होता.

"कवापासनं ठावं हाय तुला?" त्याने विचारलं.

"उन्हाळ्यापासनं." ती दरीकडेच बघत होती. "ताटाच्या कडंची चटणी तशीच राहायची तुमची. आधी वाटलं, मीठ जास्ती पडतंय. मंग एक दिस तुमी हातानं चाचपून बघितली. तवापासनं मी चटणी मधी वाढाय लागले."

"मंग बोलली का नाय?"

"तुमी बोलताल, म्हणून."

"आणि येवढं ठावं असून आज गाडीत बसली? लेकीला घिऊन?"

"तुमाला एकट्याला कसं सोडणार," ती म्हणाली. मग म्हणाली, "पर आता नगं. त्यो दूधवाला आपल्या शिवमच्या वयाचा व्हता." शिवम तिचा पिशोरचा भाचा. मोतीरामच्या डोळ्यांसमोर त्याचा चेहरा आला आणि त्याने कठड्यावरचा हात काढून घेतला.

त्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच उभं राहून अप्पारावला लावला. पाण्याच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागलं. आजूबाजूच्या दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. उद्यापासून मी गाडीवर नाही, असं त्याने सांगितलं. का, तेही सांगितलं. पलीकडून अप्पारावला आधी नीट ऐकूच गेलं नाही. मोतीरामने दुसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, की सावकाश ये, आणि चावी कोणाच्या हाती पाठवू नकोस, स्वतः येऊन दे.

तनुजाला त्यांनी गाडीपाशी सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. ती बापाकडे बघत राहिली, आणि मग तिला रडू येण्याऐवजी राग आला. एवढे दिवस लोकांची लेकरंबाळं मागे बसवून तुम्ही हिंडलात, असं ती दबक्या आवाजात म्हणाली. "माणूस मेला असता, पप्पा."

"व्हय," मोतीराम म्हणाला. त्याने काही सबब सांगितली नाही. चावी तिच्यापुढे धरली.

गाडी त्यानेच तिला शिकवली होती, शहराबाहेरच्या रिकाम्या प्लॉटिंगवर. लायसनही झालं होतं. पण एवढा लांबचा, खराब रस्ता तिने कधी काढला नव्हता. तिने सीट पुढे ओढली, आरसे आपल्या मापाचे करून घेतले. मोतीराम पुढे शेजारी बसायला गेला, पण तिथे बसून आपण गप्प राहणार नाही, हे त्याचं त्यालाच कळलं. तो मागे आवडाबाईशेजारी जाऊन बसला. मागच्या सीटवरून रस्ता वेगळाच दिसत होता, अर्धा पुढच्या सीटच्या पाठीनेच भरलेला. पहिल्या काही वळणांना त्याचा उजवा पाय आपोआप दाबला जात होता. तनुजा खड्डे ओळखून, हळू चालवत होती. गोळेगाव येईपर्यंत त्याला डुलकी लागली.

जेवायला ते रस्त्यावरच्या एका हॉटेलात थांबले. मोतीराम पाहुण्यांना घेऊन नेहमी तिथेच थांबायचा. हॉटेलच्या मागे पत्र्याखाली लाकडी बाक होता. पाहुणे आणणाऱ्या ड्रायव्हरांना तिथे फुकट जेवण मिळायचं, आणि पाहुण्यांचं आटोपायच्या आत त्यांना ते आटपावं लागायचं. वाढपी कृष्णाने त्याला पाहताच सांगितलं, की मामा, मागं या, ताट लावतो.

मोतीरामने मान हलवली. "ड्रायव्हर ती हाय," तो म्हणाला आणि तनुजाकडे बोट दाखवलं. "तिला लाव."

कृष्णाला चेष्टा वाटली. तनुजालाही आधी हसू आलं. मग तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हात धुतले आणि ती खरंच मागे गेली. बाकावर दोन ड्रायव्हर जेवत होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि थोडं सरकून तिला जागा करून दिली.

मोतीराम आणि आवडाबाई पुढे, पंख्याखालच्या टेबलावर बसली. शेवभाजी आली, भाकरी आली. मोतीरामने नेहमीच्या घाईने भराभर घास घेतले. आवडाबाईची पहिली भाकरी अर्धी व्हायच्या आत त्याचं ताट रिकामं झालं आणि तो उठायला लागला.

"बसा," आवडाबाई म्हणाली. "कोण हाक मारणार हाय तुमाला?"

तो बसला. दारातून त्याला समोर अंगणातली गाडी दिसत होती. तनुजा जेवून बाहेर आली. तिने फडकं घेऊन पुढची काच पुसली, मग गाडीला टेकून उभी राहिली, हॉटेलच्या दाराकडे बघत. कोणी घाई करत नव्हतं.

मोतीरामने कृष्णाला हात केला आणि अर्धी भाकरी आणखी मागितली.