चौदा नंबर रॅकचा म्हसोबा

आमच्या शेलार गावातल्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं, तेव्हा माझ्या मुलाने, मनोजने, करारातच लिहून घेतलं की म्हसोबा हलवायचा नाही. शेंदूर लावलेला चार किलोचा दगड. तो जागेवरच राहिला, फक्त त्याच्या डोक्यावर चौदा नंबरचं रॅक आलं.

रोज सकाळी गेटवर सही करायची, गळ्यात पास घालायचा आणि देवाला दिवा दाखवायचा. त्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, असा माझा नेम आहे. आत आगीला मनाई, म्हणून दिवा सेलवरचा. पहिले काही दिवस मन खट्टू झालं. मग वाटलं, निदान पंख्याच्या वाऱ्याने विझत तरी नाही.

गेल्या सोमवारी गेले, तर देव नाही. आदल्या दिवशीचं जास्वंद तेवढं पडलेलं.

मी मनोजला फोन लावला. त्याने घरूनच मोबाईलवर गोडाऊनचा नकाशा बघितला.

"आये, सिस्टीममध्ये देव जागेवर हाय. तू जेव."

"मोबाईलमध्ये आहे रे. रॅकखाली नाही."

"मंग मोबाईललाच दिवा दाखव ना!"

सुपरवायझर धम्मपाल धावत आले. टेमघरचे, शांत माणूस. त्यांनीच सगळा शोध लावला आणि कपाळाला हात लावला. आठवड्यापूर्वी मोजणी झाली होती. गोडाऊनमधल्या प्रत्येक वस्तूला नंबर हवा, नाहीतर हिशोब जुळत नाही, म्हणून त्यांनी म्हसोबाच्या पाठीला स्टिकर लावला. कॉम्प्युटरने तो नंबर 'बागेतले शोभेचे दगड' यात टाकला. जळगावच्या कुणीतरी एक दगड मागवला आणि पॅकिंगवाल्यांनी यंत्राने दाखवला तो भरला.

"मावशी, गाडी पहाटेच गेली. मी परत मागवतो. पण दोन-तीन दिवस लागतील."

"लागू देत," मी म्हटलं, आणि रिकाम्या जागेसमोर स्टूल घेऊन बसले. चहा घेत होते. चहा उपासाला चालतो, हे म्हसोबालाही ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बघते, तर धम्मपालांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

"का हो? भाजी बिघडली?"

"नाय. कालपासून असंच चाललंय. तुम्ही समोर उपाशी बसल्यात, भात घशाखाली उतरत नाय."

"अहो, पण तुम्ही देव मानत नाही ना?"

"देव नाय मानत, मावशी. पण माझ्या गोडाऊनमधून हरवला, हे तर मानावं लागेल ना!"

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. नेम माझा, आणि भूक त्यांना. मी म्हटलं, चहा तरी घ्या. तेव्हापासून आम्ही दोघं चहावर.

बुधवारी दुपारी खोकं परत आलं. वर परतीचं कारण छापलेलं: 'रंग फोटोपेक्षा वेगळा आहे.' धम्मपालांनी पट्टी कापली. आत म्हसोबा. अंगावर ताजा शेंदूर, चांदीचे डोळे आणि शेजारी कागदात गुंडाळलेली नारळाची वाटी.

मी दिवा पुढे केला, तेवढ्यात धम्मपाल म्हणाले, "थांबा मावशी. परत आलेला माल तपासून फॉर्म भरावा लागतो. नायतर हा पुन्हा विक्रीला लागंल. उद्या कोल्हापूरला जाईल." त्यांनी टॅब्लेट समोर धरला. "पहिला प्रश्न. वस्तू तुटलेली आहे का?"

"शिव शिव! नाही."

"दुसरा. ग्राहकाने वस्तू वापरली आहे का?"

मी देवाकडे बघितलं. जळगावात कुणीतरी बागेसाठी दगड मागवला होता आणि खोक्यातून हा निघाला होता. त्या माणसाने काय मागितलं असेल, कोण जाणे. पण फुकट नारळ कोण फोडतो? माझ्या देवाला परक्याने हात लावला म्हणून तीन दिवस मी मनात चडफडत होते. तो राग त्या वाटीकडे बघून कुठे गेला, कळलं नाही.

"वापरली," मी म्हटलं. "चांगली वापरली."

धम्मपालांनी बोट टेकवलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'वापरलेली वस्तू. विक्रीस अयोग्य. जागेवरच ठेवावी.'

"झालं. आता ह्याला कुणी हलवत नाय."

आम्ही देव चौदा नंबरखाली ठेवला. मी सेलचा दिवा लावला. स्टिकर काढू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, आता तोच राखण करतोय.

मग जळगावच्या खोबऱ्याचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा त्यांना दिला.

"मी प्रसाद खात नाय, मावशी."

"मग खोबरं म्हणून खा."

त्यांनी खाल्लं, आणि डबा उघडला.